तळाची रेघ

ओट्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवा आणि घरातल्या कुणालाही त्याचं चित्र काढायला सांगा. शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, आजोबांना सांगा, डबा घेऊन कामावर निघालेल्या माणसाला दोन मिनिटं थांबवून सांगा. पेल्याचं तोंड जवळजवळ सगळे लांबट गोल काढतील. दोन्ही कडा खाली आणतील. आणि तळाशी आल्यावर बहुतेक जण एक सरळ आडवी रेघ मारून मोकळे होतील. आता पेल्याकडे पुन्हा पाहा. तोंडाची पुढची कड जशी खाली वाकलेली दिसते, तशीच तळाची कडही वाकलेली दिसते. तळाची तर जास्तच वाकलेली असते, कारण तळ आपल्या डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली असतो. पेला समोर होता, उजेड भरपूर होता, बघणाऱ्याचे डोळे चांगले होते. तरी रेघ सरळ आली.

यात हाताचा दोष फारसा नाही. पेला ओट्यावर सपाट बसतो, डुगडुगत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या ठाऊक असण्याने डोळ्यांना बाजूला सारलं आणि हाताला परस्पर सांगून टाकलं, की तळ सपाट काढ. चित्रकलेचा पाया म्हणतात तो बराचसा इथे आहे. जे ठाऊक आहे त्याला थोडा वेळ गप्प बसवायचं आणि जे दिसतंय ते कागदावर उतरू द्यायचं. हे नुसतं समजून होत नाही. तळाची गोष्ट आत्ता वाचताना तुम्हाला पटली असेल. तरी उद्या पेन्सिल हातात घेतलीत, की हात पुन्हा सरळ रेघेकडेच ओढ घेईल. परवाही घेईल. म्हणून सराव रोजचा हवा.

रोजचा म्हणजे फार मोठा नव्हे. चहा उकळेपर्यंतचा वेळ, किंवा आवरून झाल्यावर बसची वेळ होईपर्यंतची दहा मिनिटं. एक वही, नाहीतर घरात साठलेले पाठकोरे कागद टाचून केलेला गठ्ठा. पेन्सिली दोन पुरतात, एक एचबी आणि एक ४बी. आणि विषय शोधत बसू नका. विषय शोधण्यातच दहा मिनिटं निघून जातात आणि मग मन म्हणतं, आज राहू दे. काल पेला काढला असेल तर आजही पेलाच काढा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आपल्या गावी परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हा आपल्या आसपासचाच परिसर वर्षानुवर्षं रंगवत राहिले. आर. के. लक्ष्मण लहानपणापासून कावळे काढत आणि देशभर नाव झाल्यावरही काढतच राहिले. कावळा काही दुर्मीळ पक्षी नव्हे. तो खिडकीत येऊन बसतो. सरावाला अशीच वस्तू चांगली. तिची नवलाई कधीच संपलेली असते, त्यामुळे नीट बघण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं उरत नाही.

सुरुवात रेघेपासून करावी. बऱ्याच जणांची रेघ तुटक येते, एका रेघेच्या जागी पाच-सहा बारीक रेघा येतात. अक्षरं लिहिताना मनगट टेकवून पेन्सिल थोडी थोडी पुढे सरकवायची सवय हाताला लागलेली असते, तीच चित्रातही येते. चित्रातली लांब रेघ खांद्यापासून यायला हवी. पेन्सिल कागदाच्या वर हवेतच एकदोनदा फिरवून बघा, मग टेकवा आणि एका दमात जाऊ द्या. वाकडी गेली तरी एकच रेघ जाऊ द्या. तिच्या शेजारी दुसरी काढता येते. हे चार-पाच मिनिटांचं काम आहे आणि फार बोलण्यासारखं त्यात काही नाही. करत गेलं की येतं.

लंबवर्तुळांवर मात्र रेंगाळावं, इतकी मजा त्यांत आहे. पेल्याचं तोंड, वाटीचं तोंड, कढईचं, परातीचं. नव्या हाताकडून त्यांची दोन टोकं अणकुचीदार होतात. खरं तर तिथेही कड वळतच असते, फक्त लवकर वळते. आता स्वयंपाकघरातल्या फळ्यांकडे बघा. डोळ्यांच्या वरच्या फळीवरच्या डब्यांच्या कडा वरच्या बाजूला वाकलेल्या दिसतील, म्हणजे पेल्याच्या बरोब्बर उलट. जो डबा नेमका डोळ्यांच्या पातळीवर आहे त्याच्या झाकणाची कड नुसती आडवी रेघ झालेली असेल. खाली ओट्यावरच्या डब्याची कड खाली वाकलेली. एकाच जागी उभं राहून हे तिन्ही दिसतं. जरा गुडघ्यात वाकलात तर सगळ्या कडा जागच्या जागी बदलतात. यथार्थदर्शनाचा पहिला धडा तूरडाळीच्या आणि पोह्यांच्या डब्यांवर रोज मांडलेला असतो. तो कागदावर घ्यायला ड्रॉइंगचा वर्ग लावायची गरज नाही.

मोजणंही असंच सोपं आणि असंच विसरलं जाणारं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांना महाराष्ट्रातली शाळकरी मुलं पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत. त्यांतल्या अनेकांना ड्रॉइंगच्या सरांची ती एक आकृती आठवत असेल. एक डोळा मिटलेला, हात समोर लांब केलेला, पेन्सिल उभी धरलेली आणि अंगठा तिच्यावर सरकतोय. हात कोपरात वाकवायचा नाही, कारण वाकला की पेन्सिल डोळ्यांच्या जवळ येते आणि माप बदलतं. पेल्याची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने पकडायची आणि तीच रुंदी उंचीत किती वेळा मावते ते बघायचं. दीड वेळा? पावणेदोन? आधी अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहा, मग मोजा. अंदाज आणि माप यांच्यातलं अंतर हळूहळू कमी होत जातं. डोळा तयार होतोय याची इतकी साधी आणि खात्रीची खूण दुसरी नाही.

आता मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त कळकळ वाटते तिच्याकडे येते. चित्र झाल्यावर आपण स्वतःशी काय बोलतो? कुणी म्हणतं, छे, जमलं नाही. कुणी म्हणतं, आपल्याला मुळात हातच नाही. कुणी म्हणतं, बरं आलंय की. तिन्ही वाक्यं मनापासूनची असतात, पण तिन्हींत पेला कुठेच नाही. ती चित्राकडे न बघताही बोलता येतील. त्यांच्यामुळे उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. स्वतःला रागावलं की आपण स्वतःचं फार कडक परीक्षण केलं असं वाटतं. प्रत्यक्षात परीक्षण झालेलंच नसतं. झालेला असतो तो फक्त राग.

आमटी उकळत असताना स्वयंपाक करणारी बाई पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाखते. त्या वेळी ती मला स्वयंपाक येत नाही असं म्हणत नाही. मीठ कमी आहे म्हणते, चिमूटभर टाकते आणि पुन्हा चाखते. चित्रही असंच चाखत चाखत करावं. उजवी कड डावीपेक्षा जास्त बाहेर गेली. तोंडाचं लंबवर्तुळ हवं त्यापेक्षा उघडं झालं. पेल्याची सावली ओट्यावर जिथे टेकते तिथे ती सगळ्यात गडद हवी होती, मी ती सगळीकडे सारखीच भरली. अशी वाक्यं बोलायला सुरुवात केली की आपला आवाजच बदलतो. त्यात कठोरपणा राहत नाही आणि लाडही राहत नाहीत. समोर एक करण्याजोगं काम येतं.

म्हणून चित्राखाली तारीख घाला आणि दोन ओळी लिहा. एका ओळीत आज नेमकं काय उतरलं ते. दुसऱ्या ओळीत नेमकं काय हुकलं ते, आणि तेही एकच. चुका दहा दिसत असतील, तरी एकच लिहा. दहा मिनिटांत दहा चुका सुधारता येत नाहीत. बाकीच्या कुठे पळून जात नाहीत, त्यांचीही पाळी येईल. उद्याचं चित्र त्या एका ओळीपासून सुरू करा. काल उजवी कड बाहेर गेली होती ना, मग आज आधी मधोमध एक हलकी उभी रेघ काढा आणि दोन्ही बाजूंची अंतरं तपासत पुढे जा. पहिली ओळ, म्हणजे काय उतरलं त्याची, बरेच जण गाळतात. स्वतःचं कौतुक कशाला लिहायचं, असं त्यांना वाटतं. मला ते पटत नाही. जे उतरलं ते कसं उतरलं हे बघितलं नाही, तर ते योगायोगाने आलेलं असतं आणि योगायोगानेच जातं. आज तळाची कड छान वाकली, कारण आज बसून काढण्याऐवजी उभं राहून काढलं आणि ती जास्त स्पष्ट दिसली. हे लिहून ठेवलं तर ते आपलं झालं.

आणि ही बोलण्याची सवय वहीपुरती राहत नाही, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. मुलाच्या वहीतलं अक्षर बघून, काय हे घाणेरडं अक्षर, असं म्हणता येतं. तुझा काना ओळीपर्यंत टेकत नाहीये, आज तेवढा टेकवून बघ, असंही म्हणता येतं. दुसऱ्या वाक्यासाठी वही खरोखर बघावी लागते. त्या बघण्यातच मुलाला कळतं की आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे. ऑफिसात हाताखालच्या माणसाने केलेला तक्ता असो, सुनेने पहिल्यांदा केलेली पुरणपोळी असो, नेमकं बोलणारा माणूस समोरच्याला काहीतरी देऊन जातो. रोज सकाळी दहा मिनिटं स्वतःच्या कागदाशी असं बोलायचा सराव असेल, तर दिवसभर ते जिभेवर राहतं.

आता एक अडचण खरी आहे. आपलं चित्र आपल्यालाच नीट दिसत नाही. बराच वेळ बघून डोळा त्याला सरावतो आणि कलंडलेला पेलाही सरळ वाटू लागतो. लिओनार्दो द व्हिंचीने चित्रकारांसाठी लिहून ठेवलेल्या टिपणांत यावर एक साधा उपाय आहे. चित्र आरशात बघावं. ते उलटं दिसतं, दुसऱ्याच कुणीतरी काढल्यासारखं वाटतं आणि चुका चटकन उघड्या पडतात. काम मधेच थोडं बाजूला ठेवून परत यावं आणि लांबूनही बघावं, असंही तो सांगतो. पाचशे वर्षं झाली, उपाय तसाच लागू आहे. कपाटाचा आरसा असतोच. नसेल जवळ, तर मोबाइलवर चित्राचा फोटो काढा आणि तो आडवा उलटवून बघा. कागद डोकं खाली पाय वर असा फिरवून बघा. उजेड आणि सावली तपासायची असेल तेव्हा डोळे बारीक करा. बारीकसारीक तपशील विरघळतो आणि नुसते काळे-पांढरे ठिपके उरतात. मग बहुधा असं दिसतं की आपली सावली फार भित्री आहे, ४बी पेन्सिल अजून जोरात दाबायला हवी होती. आणि घरात लहान मूल किंवा आजी असेल तर त्यांना दाखवा. चित्र कसं आहे असं विचारू नका. यात काय वाकडं दिसतंय असं विचारा. आजी चष्मा सावरून सांगेल, अगं, हा तर डावीकडे पडायला आलाय. ती म्हणते ते बहुतेक वेळा खरं असतं.

लिओनार्दोने आणखी एक सांगितलं. खिशात मावेल अशी छोटी वही बाळगावी, तिचा कागद पुसता न येण्यासारखा असावा आणि जुनी रेखाटनं पुसून त्यांवर नवी काढू नयेत, ती जपून ठेवावीत. खोडरबर दूर ठेवायचा तो याचसाठी. चुकलेली रेघ कागदावर राहिली, तर बरोबर रेघ तिच्यापासून किती अंतरावर हवी ते दिसतं. ती खोडली की आपण पुन्हा कोऱ्या कागदासमोर येतो आणि बहुतेकदा तीच चूक त्याच जागी पुन्हा होते. चुकीच्या रेघेशेजारी दुसरी रेघ जरा दाबून काढा. हळूहळू पानावर दोन-तीन हलक्या रेघा आणि एक ठाम रेघ अशी चित्रं दिसू लागतील. ती अजिबात वाईट दिसत नाहीत. मला तर तीच जास्त आवडतात, कारण त्यांत बघणारा माणूस दिसतो.

पाया घालणं हे नवशिक्याचं काम, एकदा घातला की झालं, असा एक समज आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. चित्रकार व्हायचं त्याने ठरवलं ते १८८०मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी. त्याआधी त्याने चित्रं विकणाऱ्या पेढीत नोकरी केली होती, शाळेत शिकवलं होतं, बेल्जियममधल्या बोरिनाज भागात कोळशाच्या खाणीतल्या कामगारांना धर्मोपदेश केला होता. तिथेच, खाणींच्या त्या काळवंडलेल्या मुलखात, त्याने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले चित्रांचे धडे मागवले. त्यांतला एक संच कोळशाने रेखाटण्याच्या सरावाचा होता, ६० मानवाकृतींचा. व्हॅन गॉग ती पानं समोर ठेवून पुनःपुन्हा उतरवत बसे. पुढे १८८२मध्ये हेग शहरात असताना त्याने एक लाकडी चौकट करून घेतली, आत दोऱ्या ताणलेल्या. ती समोर रोवून तिच्यातून खिडकीतून बघावं तसं शेतांकडे आणि रस्त्यांकडे बघायचं, म्हणजे लांबचं आणि जवळचं कसं दिसतं ते दोऱ्यांच्या आधाराने मोजता येतं. भाऊ थिओ याला लिहिलेल्या पत्रात त्याने त्या चौकटीचं चित्रही काढून पाठवलं.

इथपर्यंत ही कुठल्याही कष्टाळू विद्यार्थ्याची गोष्ट आहे. पण पुढे बघा. १८८८मध्ये त्याची सूर्यफुलं रंगवून झाली. १८८९मध्ये चांदण्यांनी घुसळलेली ती रात्र रंगवून झाली. आणि १८९०च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ओव्हेर गावाहून तो थिओला लिहितो, की बार्गच्या धड्यांचा तो संच मला पाठव. प्रमाणबद्धतेचा आणि मानवी आकृतीचा अभ्यास मागे पडला तर पुढे अडेल, असं त्याला वाटत होतं. ते साठही धडे त्याला पुन्हा उतरवायचे होते. पुढच्याच महिन्यात तो गेला. आज त्याची चित्रं बघायला लोक जगभरातून जातात. त्या चित्रांमागचा माणूस दहा वर्षांनंतरही पहिलीच्या पुस्तकाकडे परत जायला तयार होता. मला एवढं कळतं, की त्याला तिकडे परत जाण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला कंटाळा येतो तेव्हा हे आठवलं तर बरं वाटतं.

ज्यांना वाटतं की आता वय झालं, त्यांच्यासाठी जपानचा होकुसाई आहे. लाटेच्या त्या प्रसिद्ध चित्राचा कर्ता. ऐंशी ओलांडल्यानंतर, १८४२ आणि १८४३च्या सुमारास, त्याने रोज सकाळी शाईने एक सिंह काढायचा नेम धरला होता. दिवसावरचं अरिष्ट टळावं अशी त्यामागची श्रद्धा होती. बऱ्याच पानांवर तारखा आहेत. दोनशेहून जास्त सिंह आज शिल्लक आहेत. कुणी झोपलेला, कुणी उड्या मारणारा, कुणी नाचणारा. एकही दुसऱ्यासारखा नाही. रोज तेच काढूनही तेच कसं येत नाही, हे त्या सिंहांत बघावं. आपल्या घरातला निवृत्त माणूस सकाळी फिरून आल्यावर पेपर उघडण्याआधी एक जास्वंद काढू लागला, तर त्याच्याही वहीत तेच घडेल.

एका गोष्टीची मात्र आधीच कल्पना दिलेली बरी, कारण पुष्कळ चांगले हात तिथे थांबतात. सुरुवातीचे काही आठवडे बरे जातात. मग अचानक सगळी चित्रं वाईट दिसू लागतात. काल आवडलेलं पान आज बघवत नाही. माणूस म्हणतो, मी मागे चाललोय. बहुतेक वेळा झालेलं असतं वेगळंच. डोळा पुढे गेलेला असतो आणि हात अजून त्याच्यामागून येत असतो. आधी ज्या चुका दिसतच नव्हत्या त्या आता दिसायला लागलेल्या असतात. पेल्याच्या आतल्या पाण्याची कडही लंबवर्तुळच असते आणि ती तोंडाच्या कडेपेक्षा जरा जास्त उघडी दिसते, हे दोन महिन्यांपूर्वी कुणाला दिसलं होतं? वाईट वाटण्याचे ते दिवस खरं तर चांगल्या प्रगतीचे असतात. तेव्हा वही बदलू नका, पेन्सिल बदलू नका, पान फाडू तर मुळीच नका. वहीची सुरुवातीची पानं उघडा आणि चित्रांऐवजी त्यांच्या खालच्या ओळी ओळीने वाचत या. कड बाहेर गेली, कड बाहेर गेली, कड थोडी बाहेर गेली, आणि मग एका तारखेनंतर कडेची तक्रार बंद झालेली दिसेल. तिच्या जागी सावलीची तक्रार सुरू झालेली असेल. ती तक्रार बंद झाली तो दिवस तुमच्या लक्षातही आला नव्हता.

मुलांच्या बाबतीत हे जास्त जपावं. साधारण दहा-अकरा वर्षांची झाली की पुष्कळ मुलं चित्रं काढणं सोडून देतात. आधी सूर्याला डोळे काढणारी मुलगी एक दिवस म्हणते, मला येत नाही. तिला दिसायला लागलेलं असतं, म्हणून ती असं म्हणते. अशा वेळी खूप छान आहे गं, असं म्हणून तिचं समाधान होत नाही, कारण ते खरं नाही हे तिला कळतं. तिच्याजवळ बसून, कुठे वेगळं वाटतंय ते दाखव, असं विचारलं तर ती बोट ठेवून दाखवते. बोट ठेवता आलं, की पुढचं काम पेन्सिलीचं.

तर उद्या सकाळी चहाचा कप घ्या, कान असलेला. पिऊन झाल्यावर घ्या, म्हणजे निवण्याची घाई नको. कपाची रुंदी आणि उंची हात लांब करून मोजा, मधली उभी रेघ हलकी काढा, तोंड काढा, तळ बघून काढा. कानापाशी आलात की कान लगेच काढू नका. कान आणि कप यांच्यामध्ये जी छोटी मोकळी जागा आहे, तिच्यातून पलीकडचा टेबलाचा तुकडा दिसतो. आधी फक्त त्या तुकड्याचा आकार काढा. कान कसा असतो हे आपल्याला फार पाठ असतं, पण त्या मोकळ्या जागेचा आकार कुणालाच पाठ नसतो. त्यामुळे तिथे बघावंच लागतं. तो आकार नीट बसला, की त्याच्या बाहेरून दुसरी रेघ फिरवा आणि कान तयार होईल. खाली तारीख घाला, दोन ओळी लिहा आणि कामाला निघा.